पडत्या बाजूला नियमाचा हात: कबड्डी ते स्ट्रीट फायटर

खेळात मागे पडलेल्या बाजूला नियमानेच काही जादा बळ द्यावे की नाही, हा प्रश्न लढतीच्या व्हिडिओ गेमच्या जगात गेली तीन दशके धुमसत आहे. लढतीचे गेम म्हणजे दोन खेळाडू पडद्यावरची दोन पात्रे समोरासमोर झुंजवतात ते गेम होत. त्यांत प्रत्येक पात्राच्या नावाखाली एक प्राणपट्टी असते, फटका बसला की ती आखडते आणि जिची पट्टी आधी संपते ती बाजू ती फेरी हरते. अशा गेममध्ये पट्टी निम्म्याहून खाली गेलेल्या किंवा संपत आलेल्या पात्राला एखादा जबर डाव, फटक्यातली वाढीव ताकद किंवा सुटकेची एखादी संधी आपोआप मिळण्याची सोय असेल, तर तिला खेळाडू ‘कमबॅक’ची यंत्रणा म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘पुनरागमनाचा नियम’ हा शब्दप्रयोग केला आहे. तिचे विरोधक विचारतात की मार खाण्याचे बक्षीस कसले? समर्थकांचे उत्तर असे की नियम दोघांनाही सारखाच लागू असताना त्यात अन्याय कसा शोधायचा? वाद बहुधा येथेच अडून राहतो, कारण दोन्ही पक्ष एकाच प्रकारच्या खेळाकडे पाहून बोलत असतात.

या प्रश्नाकडे वऱ्हाडातून पाहिले तर त्याची दुसरी बाजू दिसते. अमरावती येथे 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कुस्ती आणि मल्लखांब यांच्या जोडीने कबड्डी, खो-खो हे देशी सांघिक खेळ शिस्तीने शिकवण्याची परंपरा उभी केली आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांपुढे कबड्डीची प्रात्यक्षिके केली. गावागावांत वेगवेगळ्या रीतीने खेळला जाणारा खेळ जेव्हा अनोळखी प्रेक्षकांपुढे किंवा दूरच्या संघापुढे मांडायचा असतो, तेव्हा बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करायचे याचे एकच एक उत्तर ठरवावे लागते. आणि कबड्डीत हे उत्तर ठरवणे म्हणजेच मागे पडलेल्या संघाला परतीची वाट किती रुंद ठेवायची हे ठरवणे होय. व्हिडिओ गेमच्या रचनाकारांना 1990 नंतर पडलेला पेच हुतूतूच्या मैदानाला त्याच्या कितीतरी आधी पडलेला होता, एवढे यावरून म्हणता येते.

पेच नीट समजण्यासाठी खेळातील ‘घसरण’ ही कल्पना आधी स्पष्ट करायला हवी. अमेरिकन गेम-रचनाकार डेव्हिड सर्लिन यांनी तिची चर्चा नेमकेपणाने केली आहे. काही खेळांत एक चूक झाली की पुढची चूक होण्याची शक्यता वाढते, कारण पहिल्या चुकीने खेळाडूची ताकदच कमी झालेली असते. बुद्धिबळात हत्ती गेला की केवळ हिशेबात पाच गुण वजा होत नाहीत, पुढची प्रत्येक खेळी त्या हत्तीशिवाय करावी लागते, आणि पाय अधिकाधिक खोलात जात राहतो. फुटबॉलमध्ये असे होत नाही. दोन गोलांनी मागे असलेल्या संघाचेही अकराच खेळाडू मैदानावर असतात आणि चेंडू मध्यावर ठेवून खेळ पुन्हा सुरू होतो. पहिल्या प्रकारात घसरण आहे, दुसऱ्यात नाही.

प्रत्यक्ष मुष्टियुद्धात ही घसरण फारच तीव्र असते. अकोल्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्धाचे प्रशिक्षण घेणाऱ्या कोणत्याही मुलाला हे सांगावे लागत नाही की बरगडीवर बसलेला ठोसा गुणफलकावर जितका दिसतो त्याहून अधिक पुढच्या फेरीत जाणवतो. श्वास आखूड होतो, हात खाली येतात आणि खाली आलेले हात पुढच्या ठोशाला आमंत्रण देतात. म्हणूनच सावरू न शकणाऱ्या मुष्टियोद्ध्यासाठी पंच खेळ थांबवून आठपर्यंत अंक मोजतो. हा नियम मुळात सुरक्षेचा आहे, पण त्या काही सेकंदांत घसरणारा खेळाडू सावरतोही, हे नाकारता येत नाही. व्हिडिओ गेमने मुष्टियुद्धाचे सगळे बाह्यरूप घेतले आणि नेमकी ही घसरण वगळली. 1991 सालच्या ‘स्ट्रीट फायटर 2’ मध्ये प्राणपट्टीचा केसभर तुकडा उरलेले पात्र जितक्या जोराने ठोसा मारते, तितक्याच जोराने पूर्ण पट्टीचे पात्रही मारते. ना त्याचा वेग घटतो, ना एखादा डाव हिरावला जातो. शिवाय फेरी संपली की दोन्ही पट्ट्या पुन्हा पूर्ण भरतात, म्हणजे पहिल्या फेरीत साफ धुतला गेलेला खेळाडू दुसरी फेरी बरोबरीने सुरू करतो. परतीची वाट या खेळाच्या मांडणीतच होती. ती वेगळी आखून देण्याची गरज सकृद्दर्शनी नव्हती.

कबड्डीचे तसे नाही. येथे बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो आणि उरलेल्यांना अधिक जागा कमी माणसांनी राखावी लागते, त्यामुळे घसरण खेळाच्या गाभ्यातच आहे. तिचे काय करायचे याची तीन उत्तरे कबड्डीच्या तीन जुन्या प्रकारांत सापडतात. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नाही. घसरण पूर्ण मोकळी सोडलेली आहे आणि एकदा संघ चार-पाच जणांवर आला की शेवट बहुधा दिसतच असतो. अमर प्रकारात याच्या अगदी उलट, बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, प्रतिस्पर्ध्याला केवळ गुण मिळतो. घसरण मुळापासून काढून टाकलेली आहे, पण तिच्याबरोबर मैदान रिकामे होत जाण्याचा थरारही गेलेला आहे. संजीवनी प्रकारात प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येतो. घसरण आहे, पण प्रत्येक यशस्वी चढाई किंवा पकड तिला एका गड्याने थोपवते. आजची अधिकृत कबड्डी संजीवनी प्रकारावर उभी आहे, आणि तीन उत्तरांपैकी मधले उत्तर टिकले हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

संजीवनीच्या जोडीला लोणाचा नियम आहे, आणि तो वरवर दिसतो त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. एखाद्या संघाचे सगळे गडी बाद झाले की त्याच्यावर लोण चढला असे म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात आणि त्याच क्षणी बाद झालेला संपूर्ण संघ, सातच्या सात गडी, पुन्हा मैदानात येतो. प्रेक्षकाला लोण ही नामुष्की वाटते आणि गुणफलकावर ती असतेही, परंतु मैदानाच्या हिशेबात लोण म्हणजे घसरणीचा शेवट होय: एकट्या गड्याने तीन-चार चढाया कशाबशा काढण्यापेक्षा लोण पत्करून पूर्ण ताकदीने उभे राहणे कधीकधी परवडते. स्ट्रीट फायटरमध्ये नवी फेरी जे काम करते, तेच काम कबड्डीत लोण करतो, फरक इतकाच की त्याची किंमत दोन गुणांत मोजावी लागते.

बोनस गुणाकडेही याच दृष्टीने पाहायला हवे, जे सहसा पाहिले जात नाही. निदान रेषेच्या मागे असलेली बोनस रेषा चढाई करणाऱ्याने एक पाय हवेत ठेवून ओलांडली तर गुण मिळतो, मात्र समोर किमान सहा बचावपटू असतील तरच. म्हणजे हा गुण मुख्यतः भरलेल्या मैदानाविरुद्ध मिळतो, आणि मैदान भरलेले असते ते बहुधा त्या घडीला वरचढ असलेल्या संघाचे. तीन गडी उरलेल्या संघाच्या चढाई करणाऱ्याला बोनसची संधी असते, पण त्याच संघावर चालून येणाऱ्याला ती नसते. तरीही बोनसने गडी जिवंत होत नाही, त्यामुळे मदत गुणफलकापुरतीच राहते.

या साऱ्यावर प्रो कबड्डी लीगने, म्हणजे 2014 पासून दूरचित्रवाणीवर गाजलेल्या व्यावसायिक स्पर्धेने, लोकप्रिय केलेला नियम म्हणजे अव्वल पकड, ज्याला खेळाडू आणि समालोचक सर्रास सुपर टॅकल म्हणतात. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना त्यांनी चढाई करणाऱ्याला पकडले, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. एक प्रसंग बारकाईने पाहिला तर नियमाचे खरे वजन कळते. समजा एका संघाचे दोनच गडी उरले आहेत, एक डाव्या कोपऱ्यात आणि दुसरा मध्यावर. चढाई करणारा निदान रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे झुकतो. कोपऱ्यातला गडी मागे सरकल्यासारखे करून अचानक घोट्यावर झडप घालतो आणि दुसऱ्याने त्याच श्वासात येऊन कंबर धरली तरच पकड टिकते, कारण एकट्याच्या हातातून मध्यरेषेपर्यंतची ओढ सुटायला क्षणही लागत नाही. पकड फसली आणि दोघांनाही हात लागला तर चढाई करणाऱ्या संघाला स्पर्शाचे दोन आणि लोणाचे दोन असे चार गुण मिळतात. पकड साधली तर बचाव करणाऱ्या संघाला दोन गुण आणि एक गडी परत मिळतो. दोन शक्यतांमधले अंतर सहा गुणांचे होते. अव्वल पकडीचा नियम नसता तर ते पाच असते. ज्या एका गुणावरून नियमाला ‘फुकटची मदत’ म्हटले जाते तो या सगळ्या जुगाराचा सहावा हिस्सा आहे. बाकीचे पाच हिस्से जुन्या संजीवनी-लोणाच्या व्यवस्थेतूनच येतात.

येथे आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अव्वल पकड गुणफलकाकडे पाहत नाही, मैदानावरची माणसे मोजते. पंधरा गुणांनी पुढे असलेल्या संघाचेही तीनच गडी उरले असतील तर त्यालाही दोन गुण मिळतात. नियम ‘हरणाऱ्याला’ मदत करत नाही, ‘तोकड्या पडलेल्याला’ करतो, आणि तोकडे पडणे हीच तर कबड्डीतली घसरण. उतार जिथे आहे तिथेच खुंटी ठोकलेली आहे.

लढतीच्या व्हिडिओ गेमचा इतिहास या मोजपट्टीने वाचला तर त्यातले नियम सरसकट चांगले किंवा वाईट ठरत नाहीत. 1992 च्या ‘फेटल फ्युरी 2’ मध्ये प्राणपट्टी धोक्याच्या पातळीवर आली की एरवी न मिळणारा एक जबरदस्त डाव उपलब्ध होत असे, पण त्याची कळ जुळवणे इतके अवघड होते की मदतीपेक्षा ते कसबाचे आव्हानच ठरले. पुढल्याच वर्षीच्या ‘समुराई शोडाउन’ मध्ये मार खाताना रागाची पट्टी भरत जाई आणि ती भरली की तलवारीचा घाव अधिक खोल बसे. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या त्या काळात, ज्याला भारतातल्या छोट्या-मोठ्या शहरांनी व्हिडिओ गेम पार्लरच्या रूपाने अनुभवले, अशा सोयींचा व्यापारी अर्थही उघड होता: नवशिक्याला दर खेपेला मानहानीच पदरी आली तर तो दुसरे नाणे टाकत नाही. मात्र त्याच पार्लरमध्ये आणि पुढे घरोघरी ज्याची पारायणे झाली त्या ‘टेकेन 3’ मध्ये असा कोणताही नियम नव्हता, आणि त्याच्या लोकप्रियतेला त्यामुळे बाधा आली नाही.

1999 च्या ‘गारू: मार्क ऑफ द वुल्व्ह्ज’ या गेमने या प्रश्नावर शोधलेला तोडगा आजही पुरेसा वाखाणला जात नाही. त्यात लढत सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक खेळाडूने प्राणपट्टीचा एक भाग, सुरुवातीचा, मधला किंवा शेवटचा, निवडायचा असतो, आणि पट्टी त्या भागात असेपर्यंत पात्राला वाढीव ताकद मिळते. ज्याला सुरुवातीलाच आघाडी घ्यायची आहे त्याने पहिला भाग घ्यावा, ज्याला शेवटी उसळी मारायची आहे त्याने शेवटचा. मदत आहे, पण ती मागे पडल्याबद्दल मिळालेली नाही, आधीच निवडलेली आणि प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असलेली आहे. न्यायाच्या कसोटीवर या रचनेत बोट ठेवायला जागा नाही.

वादाचा खरा भडका उडाला तो 2008 साली आर्केडमध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर 4’ पासून. त्यात मार खाल्ल्यावर भरणारी सूडाची पट्टी होती. ती निम्मी भरली की ‘अल्ट्रा’ नावाचा डाव वापरता येई आणि पट्टी जितकी अधिक भरलेली तितका त्याचा घाव मोठा. संपूर्ण फेरी सावधपणे जिंकत आणलेल्या खेळाडूचा हातातोंडाशी आलेला घास एका अल्ट्राने जाई. घसरण नसलेल्या खेळात भरपाई दिली की तिचा अर्थ भरपाई राहत नाही, ती आघाडीवरचा कर होते. तरीही समर्थकांचा एक मुद्दा पूर्ण खरा आहे: आघाडीवरच्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याची पट्टी पडद्यावर दिसते, म्हणून तो अंतर राखून खेळतो, धोकादायक उडी टाळतो आणि अल्ट्रा हुकल्यावर उघड्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला शिक्षा करतो, यातून कौशल्याचा एक नवा थर तयार होतो. दोष उरतो तो एवढाच की या कौशल्याची गरज नियमानेच निर्माण केलेली असते.

‘टेकेन’ मालिकेने सहाव्या भागापासून, म्हणजे 2007 पासून, ‘रेज’ आणले, ज्यात प्राणपट्टी अगदी खाली आली की फटक्यांची ताकद आपोआप वाढते. सातव्या भागात त्यावर एक पडदा व्यापणारा डावही जोडला गेला. 2011 च्या ‘मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम 3’ ची कथा मात्र वेगळी आणि अधिक रंजक आहे, कारण तो तीन-तीन पात्रांच्या संघांचा गेम आहे. एक पात्र मेले की त्याची बाहेरून मिळणारी साथ जाते, डावांचे मेळ तुटतात, म्हणजे येथे कबड्डीसारखीच खरी घसरण आहे. तिच्यावर उतारा म्हणून ‘एक्स-फॅक्टर’ हा लढतीत एकदाच वापरायचा उपाय दिला गेला, जो उरलेली पात्रे जितकी कमी तितका प्रखर होतो. तत्त्व अव्वल पकडीचेच, पण मात्रा फार मोठी: शेवटचे एकटे पात्र इतके बलाढ्य होई की ते समोरचा अख्खा संघ संपवू शके. त्याच गेममधले फिनिक्स हे पात्र ऊर्जेची पट्टी पूर्ण भरलेली असताना मेले तर अधिक भयंकर रूपात पुन्हा जिवंत होई, त्यामुळे काही खेळाडू सबंध लढत तिच्या मरणाची तयारी करण्यात घालवत. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार ज्या नियमात किफायतशीर ठरतो, तो नियम बिघडलेला आहे असे निःशंकपणे म्हणता येते. कबड्डीत एवढ्या एका जादा गुणासाठी चार गडी गमावणे परवडणारे नाही, आणि अव्वल पकडीचे शहाणपण या कंजूषपणातच आहे.

जे नियम पडद्यावर दिसत नाहीत त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. ‘गिल्टी गियर’ मालिकेत प्राणपट्टी कमी होत जाते तसे पात्राला बसणाऱ्या फटक्यांचे नुकसानही घटते, म्हणजे पट्टीचा शेवटचा इंच पहिल्या इंचापेक्षा अधिक टिकाऊ असतो. यामुळे लढती चुरशीच्या दिसतात, पण नवख्या खेळाडूला आपण विजयाच्या किती जवळ आहोत याचा अंदाजच चुकीचा येतो. प्रेक्षकासाठी केलेली ही सजावट खेळाडूच्या माहितीच्या हक्कावर बेतते, आणि म्हणून उघड अल्ट्रापेक्षा ती अधिक आक्षेपार्ह मानायला हवी.

पुनरागमनाचे नियम नसतील तर पुनरागमने घडत नाहीत, हा समज तर वस्तुस्थितीला धरून नाही. 2004 च्या इव्हो या लढतीच्या गेमच्या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर 3: थर्ड स्ट्राइक’ मध्ये जपानच्या दाइगो उमेहारा यांच्या केन या पात्राचे प्राण जवळजवळ संपले असताना अमेरिकेच्या जस्टिन वाँग यांनी चुन-ली या आपल्या पात्राचा पंधरा फटक्यांचा डाव टाकला, नुसते अडवले असते तरी प्राण गेला असता, म्हणून उमेहारा यांनी प्रत्येक फटक्याच्या क्षणी पुढे झुकून तो झेलला आणि उलट हल्ल्याने फेरी जिंकली. तेथे मागे पडल्याबद्दल कोणतेही खास बळ मिळाले नव्हते. फटका झेलण्याचे तंत्र दोघांनाही पहिल्या क्षणापासून खुले होते. कबड्डीतही 2016 च्या अहमदाबाद येथील विश्वचषक अंतिम सामन्यात मध्यंतराला 13-18 असा मागे असलेला भारतीय संघ इराणविरुद्ध 38-29 असा जिंकला, आणि त्या उलथापालथीचे श्रेय अजय ठाकूर यांच्या चढायांना दिले जाते, नियमपुस्तकाला नाही.

पडत्याला बळ देण्याऐवजी आघाडीवरच्याला स्वस्थ बसू न देणे हा या साऱ्यात सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि कदाचित सर्वांत न्याय्य मार्ग आहे. व्हिडिओ गेममध्ये घड्याळ संपताना ज्याची पट्टी मोठी तो जिंकतो, त्यामुळे आघाडी घेऊन पळत राहणे ही एक मान्य पण कंटाळवाणी नीती असते. गिल्टी गियरने सतत माघार घेणाऱ्यावर दंड बसवून तिला आळा घातला. कबड्डीत हेच काम तिसरी चढाई करते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. समालोचक तिला ‘डू ऑर डाय’ म्हणतात. सहा गुणांनी पुढे असलेला संघ मध्यरेषेजवळ घुटमळून तीस-तीस सेकंद खाऊ शकत नाही. कोणाला काही दिले जात नाही, फक्त खेळ चालू ठेवण्याचे बंधन दोन्ही बाजूंवर सारखे पडते. खो-खोच्या फॉलोऑनशी याची तुलना उद्बोधक ठरेल, कारण तेथे नियम उलट दिशेने झुकतो आणि पहिल्या डावात ठरावीक गुणांची आघाडी घेणाऱ्या संघाला प्रतिस्पर्ध्याला पुन्हा आक्रमणाला उतरवण्याचा अधिकार देतो.

2023 साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी आणि ‘स्ट्रीट फायटर 5’ हे दोन्ही पदकांचे खेळ होते. स्ट्रीट फायटरमध्ये, ज्यात मार खाल्ल्याने भरणारी एक पट्टी पात्राला वाढीव बळ देते, दक्षिण कोरियाचे किम ग्वान-वू सुवर्णपदक जिंकले आणि त्या निकालाच्या न्याय्यतेवर कोणी विशेष आक्षेप घेतला नाही, कारण पट्टी सगळ्यांना दिसत होती आणि तिचा नियम सगळ्यांना पाठ होता. पुरुष कबड्डीच्या अंतिम सामन्यात मात्र भारत आणि इराण 28-28 असे बरोबरीत असताना अखेरच्या मिनिटांत भारताचे पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेले, कोणालाही स्पर्श न होता राखीव पट्ट्यात, म्हणजे लॉबीत, गेले आणि त्यांच्या मागोमाग इराणी बचावपटूही गेले. एका नियमानुसार फक्त चढाई करणारा बाद ठरत होता, दुसऱ्यानुसार त्याच्यामागे लॉबीत गेलेले सगळेच. कोणता नियम लागू आहे यावर पंचांचा निर्णय पुन्हा पुन्हा बदलला, सामना बराच वेळ खोळंबला, दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात बसून राहिले. शेवटी भारताला तीन आणि इराणला एक गुण देण्यात आला आणि भारत 33-29 असा विजयी ठरला.